आयुकातल्या चौकात, श्वेत बटूच्या शेजारी

कोल्हापूरहून पहाटेची एसटी धरली, स्वारगेटला उतरून रिक्षानं गणेशखिंड गाठली. रस्त्याचं वर्णन करत बसत नाही. क्ष-किरण खगोलशास्त्राची कार्यशाळा होती आणि मन आधीच आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, पोचलं होतं.

चार्ल्स कोरियांनी आखलेल्या या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे सगळेच बघतात. मला ओढ होती ती एका चौकातल्या इंग्रजी आठाच्या आकृतीची. जोडताऱ्यांचे रोश लोब, म्हणजे जोडीतल्या प्रत्येक ताऱ्याच्या गुरुत्वाच्या ताब्यातला भाग, तिथे जमिनीवर मांडलेत. दोन्ही लोब जिथे भेटतात, तिथे बराच वेळ उभा राहिलो. खऱ्या जोडीत साथीदार ताऱ्याचा वायू नेमका इथूनच ओसंडतो आणि श्वेत बटूकडे, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्याकडे, ओढला जातो. नाव बटू, पण पृथ्वीएवढ्या गोळ्यात जवळपास सूर्याइतकं वस्तुमान! त्याचं चुंबकीय क्षेत्र जबरदस्त असेल, तर वायू ध्रुवांवर सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगानं कोसळतो. पृष्ठभागाच्या जरा वर त्याला धक्का बसतो, तापमान कोट्यवधी अंशांवर जातं आणि क्ष-किरण बाहेर पडतात.

दुपारी सरावाला अशीच एक जोडी मिळाली, जीके पर्सेई. ययाती तारकासमूहातला हा तारा १९०१ साली नवतारा (अचानक प्रखर होणारा तारा) म्हणून झळकला होता. २०१५च्या उद्रेकात न्यूस्टार या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीनं घेतलेल्या त्याच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. पडद्यावर आधी क्ष-किरणांच्या तेजाची नुसती खडबडीत रेघ, मधेमधे पृथ्वी आड आल्यामुळे पडलेल्या फटी. मग तीच रेघ ३५१ सेकंदांच्या तुकड्यांत कापून एकावर एक रचली, आणि ठसठशीत चढ-उतार वर आला. बटूची एक गिरकी! इतक्या दूरच्या ताऱ्याचं फिरणं असं हाताला लागतं, याचा आनंद मला तरी शब्दांत नीट सांगता येत नाही.

चहाच्या वेळी वासुकी तारकासमूहातल्या ईएक्स हायड्री या अशाच जोडीवरून चर्चा रंगली. त्या जोडीची प्रदक्षिणा ९८ मिनिटांची, आणि आपल्या ॲस्ट्रोसॅट या खगोलशास्त्राच्या उपग्रहाची पृथ्वीप्रदक्षिणाही जवळजवळ तेवढीच. म्हणजे दरवेळी फट पडणार ती जोडीच्या जवळपास त्याच स्थितीत. एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीची कक्षा लांबट, सुमारे ४८ तासांची, त्यामुळे तिला सलग बघता येतं. रात्री वसतिगृहावर एक्सएमएम-न्यूटनच्या ईएक्स हायड्रीच्या नोंदी उतरवायला लावल्या आणि ९८ मिनिटांचा आलेख काढायला बसलो.