युकुलेलेला कात्रीची साथ

आमच्या स्टुडिओत येणारं काम म्हणजे भजनं, जयंतीची गाणी आणि इलेक्शन आलं की रिक्षावर फिरवायच्या जाहिराती. त्यामुळं मार्चमध्ये विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, एक कॉलेजची पोरगी युकुलेले, म्हणजे छोट्या गिटारसारखं चार तारांचं वाद्य, घेऊन आली तेव्हा मलाच जरा उत्साह आला, कारण हे वाद्य मी कधी रेकॉर्ड केलेलं नव्हतं. तिला बायकांच्या हिमतीची गाणी कव्हर करायची होती, म्हणजे दुसऱ्यांची गाणी आपल्या आवाजात म्हणायची होती, आणि अट अशी की गाणं बाईनंच लिहिलेलं पाहिजे. अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' तिनं त्यामुळंच कापलं, ते मुळात ओटिस रेडिंगचं, १९६५चं, अरेथानं १९६७ला ते असं फिरवलं की लोक तिचंच समजतात. (मला विचाराल तर एवढं फिरवल्यावर ते तिचंच झालं, पण पोरगी ऐकणारी नव्हती.)

शेवटी ठरलं अमेरिकेतल्याच गायिका डॉली पार्टनचं 'नाइन टु फाइव्ह'. ऑफिसात राबणाऱ्या बायकांवरच्या १९८०च्या पिक्चरसाठी डॉलीनं स्वतः लिहिलेलं. मूळ पट्टी एफ शार्प, युकुलेलेवर नवशिक्याची बोटं मोडतील, म्हणून हिनं सी धरला, तो कॉर्ड एका बोटात होतो.

सोलापूरचा मार्च तुम्हाला माहितीय. एसीचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून टेकला बंद ठेवायचा, तारा नायलॉनच्या आणि नवीन, दर टेकला उतरलेल्या. आणि रेकॉर्डिंग पोकळ वाटायला लागलं, कारण युकुलेलेची वरची तार गिटारसारखी जाड सुराची नसते, उलट उंच लागते, खाली आधारच नाही. मशिनवरचा ढोलकीचा ठेका लावून बघितला तर भलतंच लग्न झालं.

बाहेरच्या सोफ्याजवळ तिची अम्मम्मा, म्हणजे आईची आई, खाली बसली होती, मांडीवर विड्यांचं सूप, कारण रोजच्या हजार विड्या पूर्ण झाल्याशिवाय चालत नाही, नात गाणं म्हणू दे नाहीतर काय करू दे. साच्यावर पान ठेवून कात्री चालू. दार उघडं राहिलं होतं आणि हेडफोनमध्ये मला ते ऐकू आलं, कच्च कच्च, थांबा, कच्च. मी ओरडणार तेवढ्यात पोरगी म्हणाली, "सर, डॉलीनं पण असंच केलंय!" आणि खरंच, डॉलीला ही चाल सेटवर सुचली ती लांब नखं एकमेकांवर घासून, टाइपरायटरसारखा आवाज काढत, रेकॉर्डवर पण ती नखं वाजलीत आणि तिचं तसं क्रेडिट आहे.

मग काय, सूप आत. माईक कात्रीपासून वीतभर लांब. अम्मम्माला हेडफोनवर क्लिक, म्हणजे ताल धरायची टकटक, दिली तर तिनं काढूनच ठेवला, "ह्याच्या टकटकीनं पान वाया जातंय की." मी म्हटलं ठीकय, क्लिक बंद, तुम्ही तुमच्या हातानं कापा, नात तुमच्या मागनं येईल. पोरीला जड गेलं, सवय मोबाईलच्या मेट्रोनोमची, पण जमल्यावर गाणं एकदम बसलं. म्हातारीचा हात लहानपणापासूनचा आहे, एक इंच हलत नाही.

मध्ये चहाला तिनं विचारलं, ही बाई काय म्हणतीय? नातीनं तेलुगूत सांगितलं, दिवसभर राबतीय आणि नाव साहेब घेतोय. अम्मम्मा म्हणाली, "आमच्यात नाव कुठलं, तपासताना मूठभर विड्या बाजूला काढतेत, ते पण आमच्याच हातचं असतंय आणि त्याचं पैसं नाही." एवढं बोलून परत पान कापायला लागली.

फायनल मिक्समध्ये मी कात्री मुद्दाम वर ठेवली. पोरीनं खाली लिहिलं, 'कात्री : अम्मम्मा'. जाताना म्हातारीनं विचारलं, ह्याचं पैसं कुणाला मिळणार? मी सांगितलं, कव्हर आहे आज्जी, आलेच तर जिनं लिहिलं तिला, डॉलीला. आणि ही बाई अशी की एल्व्हिस प्रेस्लीच्या मॅनेजरनं तिच्या दुसऱ्या एका गाण्याचे अर्धे हक्क मागितले तर तिनं एल्व्हिसलाच नाही म्हणून सांगितलं होतं.

"मग राहू दे," म्हणाली, "साहेबाला तर जात नाही न्हवं."