राजकन्या आणि डालगं

तालुक्याच्या दुकानातल्या प्रिंटरची निळी शाई संपत आलेली, त्यामुळे चित्रातली स्पेनची राजकन्या कावीळ झाल्यासारखी पिवळी निघाली. तशीच फळ्यावर चिकटवली आणि दुसरीच्या वर्गाला विचारलं, काय दिसतं?

"मॅडम, थे पोट्टं कुत्र्याले लात काहून मारून राह्यलं?"

मी घरून तयारी करून गेले होते. चित्रकार व्हेलाझ्केझ, साल १६५६, मधली गोरी पोर म्हणजे राजाची पाच वर्षांची मुलगी मार्गारीता. चित्राचं नाव 'लास मेनिनास', म्हणजे तिच्या दिमतीच्या मुली. यातलं काहीच कामी आलं नाही. खरंच, उजव्या कोपऱ्यात एक जण पेंगणाऱ्या दांडग्या कुत्र्याच्या पाठीवर पाय देऊन उभा आहे. इतक्या वर्षांत माझी नजर राजकन्येवरून खाली उतरलीच नव्हती.

मग फराकाचा नंबर लागला. "इच्या फराकात डालगं घातलं काय?" शंका रास्त होती. त्या काळी स्पेनच्या दरबारी बायका घागऱ्याखाली खरोखरच कड्यांचा सांगाडा बांधत. दुसऱ्या दिवशी एका पोरानं घरून बूड फाटलेलं डालगं आणलं, कोंबड्या झाकायचं. वर्गातली सगळ्यात बारकी पोर त्यात उतरवली, वरून माझी जुनी ओढणी गुंडाळली. तिचे हात आपोआप दोन्ही बाजूंना टेकले, थेट चित्रातल्यासारखे. पोज शिकवावी लागलीच नाही. चित्रात एक सखी वाकून राजकन्येला तबकातून लाल मातीचं बोळकं देते, तसं आम्हीही दिलं. पाणी पिऊन झालं तशी आमची राजकन्या रडवेली झाली. "मले खाली बसू द्या न जी!" बसता येणार कसं? डालगं जमिनीला टेकायचं आणि वर तिच्या हनुवटीला लागायचं.

यवतमाळकडच्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत रंगपेट्या मोजून तीन. पण फाल्गुन होता, पळस पेटलेला. फुलं उकळून केशरी झाला, चुलीतल्या कोळशाचा काळा. फराकाला फरदडीचा कापूस, खळीनं चिकटवलेला. सरकी काढायचा कंटाळा केलेल्यांच्या राजकन्येच्या अंगावर ठिपके आले. मला तेच फराक जास्त आवडले.

मूळ चित्र साधारण ३.२ मीटर उंच आणि २.८ मीटर रुंद. पटांगणात चुन्यानं तेवढी चौकट आखली तर अर्धा वर्ग आत झोपला. चित्रात मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा-राणी दिसतात, म्हणून भिंतीला दाढीचा आरसा टांगला. आरशात दिसतात म्हणजे ते बहुधा आपण उभे आहोत तिथंच उभे असणार, हे समजावताना माझी जीभ दोनदा अडखळली, पण पोट्ट्यांना लगेच कळलं. "म्हंजे राजा मीच!" पाच मिनिटं राजा व्हायला झुंबड, मग सगळे कंटाळले, कारण राजाला नुसतं उभं राहायचं असतं. कुत्रा व्हायला मात्र शेवटपर्यंत रांग होती.

चित्रकारानं स्वतःलाही चित्रात काढलंय, छातीवर लाल क्रूस, म्हणजे सरदारकीची खूण. तो मान त्याला मिळाला १६५९ मध्ये, म्हणजे चित्रानंतर तीन वर्षांनी. क्रूस मागाहून रंगवलेला. दाराच्या पाटीवर नावापुढं मागाहून 'माजी सरपंच' लिहून घेतात, तसंच. हे पोरांना सांगितलं नाही. घरी जाऊन नेमकं तेवढंच सांगितलं असतं.

पिकासोनं १९५७ साली याच चित्राच्या नादानं ५८ चित्रांची मालिका केली. आमची बावीस झाली. एकोणीस चित्रांत कुत्रा राजकन्येपेक्षा मोठा आहे. डालगं घातलेल्या पोरीनं मात्र राजकन्येला खाली बसवलंय. फराक बाजूला काढून ठेवलाय, पाठ कुत्र्याला टेकलेली, आणि बोळकं तिच्या स्वतःच्या हातात.