ऑफिस कुणासाठी बांधतो आपण?

आज बाणेरमधल्या एका कंपनीच्या नव्या ऑफिसच्या आराखड्यावर बैठक होती. नकाशा उघडण्याआधी मी तिथल्या लोकांशी निवांत बोलत बसले. टेबल टेनिस, बीन बॅग कुणीच मागितलं नाही. हिशेब बघणाऱ्या ताईंना मानेवर येणारा एसीचा झोत नको होता. एका मुलाला ग्राहकांशी फोनवर बोलायला दार लागणारी छोटी खोली हवी होती. आणि डबा! कीबोर्ड बाजूला सरकवून नाही, खिडकीपाशी चौघांत बसून खायचाय, हे तर जवळजवळ सगळेच म्हणाले.

मला दिवसभर हर्मन हर्ट्झबर्गर आठवत होते. नेदरलँड्समधल्या आपेलडोर्नला या डच वास्तुकाराने एका विमा कंपनीसाठी बांधलेलं सेंट्राल बेहेर हे ऑफिस १९७२ साली पूर्ण झालं. सुमारे हजार माणसांची इमारत, पण एक अवाढव्य हॉल नाही. ९ मीटर बाय ९ मीटरचे चौकोन एकमेकांना जोडलेले, मधून वरचा उजेड थेट खाली उतरतो. काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंती त्यांनी मुद्दाम उघड्याच ठेवल्या. पुढचं काम तिथे बसणाऱ्यांचं. लोकांनी कुंड्या आणल्या, चित्रं लावली, आपापला कोपरा सजवला.

आपल्याकडे मात्र टेबलावर देवाचा फोटो ठेवायलाही परवानगी लागते. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. दिवसाचे नऊ-दहा तास जिथे काढायचे, तिथली निदान एक भिंत तरी माणसाची स्वतःची असावी, हे मी बैठकीत स्पष्ट सांगितलं. फोनच्या खोल्या आणि जेवणाची जागा मंजूर झाली. भिंतीवर अजून चर्चा चालू आहे. मी सोडणार नाही.