पाचव्या डावातली पाचवी खेळी

फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचे पहिले रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, मिळण्यासाठी रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान 5 डाव व्हावे लागतात आणि हिशेबाअंती आकडा निदान 1400 भरावा लागतो. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी या खटाटोपात पडलो. चार डाव जमा होते. पाचवा सांगलीतल्या एका स्पर्धेत, काळ्या मोहऱ्यांनी, माझ्या मुलीच्या वयाच्या एका मुलाशी आला.

मी कॅरो-कान खेळतो. होरॅशियो कॅरो आणि मार्कुस कान यांनी 1886 मध्ये या बचावाचे विश्लेषण केले, म्हणून हे जोडनाव. सावध माणसाचे ओपनिंग अशी त्याची ख्याती आहे आणि बँकेतल्या नोकरदाराला ती शोभतेही. आधी त्याची, मग माझी, अशा खेळ्या पटावरच्या या घरांवर झाल्या: ई4 सी6, डी4 डी5, घोडा सी3. मी ई4 वरचे प्यादे मारले, त्याने घोड्याने परत मारले आणि मी घोडा डी7 वर आणला. आता दुसरा घोडा एफ6 वर काढायचा, हे मला झोपेतही पाठ होते.

त्याने पाचवी खेळी वजीर ई2 अशी केली. स्वतःच्याच उंटाची वाट अडवणारी ती खेळी मला कच्ची वाटली आणि माझा हात जी8 वरच्या घोड्याकडे निघालाही. पण समोरच्याची खेळी लिहिल्याशिवाय मोहऱ्याला शिवायचे नाही, या जुन्या सवयीने मी पेन उचलले. ‘ई’ लिहिताना नजर पटावरच्या त्या उभ्या पट्टीवरून वर गेली, तर त्याचा वजीर, त्याचा घोडा, माझे प्यादे आणि माझा राजा एका रेषेत उभे होते. त्याचा घोडा डी6 वर येऊन शह देणार, ई7 च्या प्याद्याने तो मारावा तर मागचा राजा वजिरासमोर उघडा पडणार, आणि राजाच्या भोवतालची सगळी घरे माझ्याच मोहऱ्यांनी भरलेली. सहाव्या खेळीला मात! घोड्याला बोट लागले असते, तर नियमाप्रमाणे तोच हलवावा लागला असता.

पुढची 18 मिनिटे मी जागचा हललो नाही. मग डी7 वरचाच घोडा एफ6 वर नेला. त्याने सी3 खेळल्यावर ई4 वर घोड्यांची अदलाबदल झाली आणि माझा उरलेला घोडा एफ6 वर येताच त्याच्या वजिराला हलावे लागले. तिथून उंट एफ5 वर काढून मी मोकळा श्वास घेतला. हत्तींच्या अंत्यखेळात 47 व्या खेळीला बरोबरी झाली.

सह्या झाल्यावर त्याने मोहरी पुन्हा मांडली, डी6 वर घोडा ठेवला आणि हसत विचारले, ‘‘काका, तुमचा हात गेला होता ना तिकडे?’’