खिशातली वाळू

आज दुपारी धाकट्या नातवाची चड्डी भिजवायला घेतली, तर खिशातनं मूठभर वाळू आणि दोन शिंपल्या निघाल्या. तारकर्लीहून कोल्हापुरात येऊन दोन दिवस झाले की!

फोंडा घाटात थोरलीला दोनदा उलटी झाली, ते जाऊ दे. खोलीची पायरी उतरली की थेट वाळू. सकाळी ओहोटीला बघतोय तर बारक्या खेकड्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातलेली. वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं खाणं तेवढं काढायचं आणि उरलेल्याची गोळी करून टाकायची. धाकटा म्हणाला, "आज्जी, ह्यो लाडू वळतोय!" तासभर दोघं उकिडवी बसून होती. सिंधुदुर्ग किल्ला १६६४ साली बांधायला घेतला वगैरे मी सांगत होते, पण ऐकतंय कोण!

मी पंचगंगेत पोहायला शिकलेली, पण लाटेनं एका फटक्यात खाली बसवलं. पोरं हसून हसून लोळली. सोलकढी झकास होती, तरी तिसऱ्या दिवशी दोघांनी तांबडा रस्साच मागितला.

वाळू बरणीत भरून ठेवलीय. त्याला अजून सांगितलेलं नाही.