दादाने लपवलेली डोकेदुखी

लोबुचेच्या टी हाऊसमध्ये रात्री नऊच्या सुमारास दादा उठला आणि भिंत धरून चालायला लागला. "झोपेतून उठलोय ना, म्हणून," एवढंच म्हणाला. आमच्या गाईडने मात्र त्याला लाकडी जमिनीवरच्या एका फळीवरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत, सरळ चालायला लावलं. चौथ्या पावलाला दादाचा तोल गेला. गाईडने लगेच बॅटरी आणि ऑक्सिजनचा सिलिंडर काढला.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर आम्ही ४९४० मीटरवर होतो. रोज पहाटे दहा किलोमीटर पळणारा माझा भाऊ नामचेच्या चढावर सगळ्यांच्या पुढे होता, त्यामुळे त्याची काळजी कुणी केलीच नाही. तब्येत कितीही दणकट असली तरी विरळ हवा लागायची ती लागतेच. उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि शरीराला सवय व्हायला वेळच देत नाही.

हवेत ऑक्सिजन वरही २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो, म्हणजे एका श्वासात ऑक्सिजनही निम्माच. शरीर श्वास वाढवतं, त्याने रक्तातलं आम्लाचं प्रमाण बिघडतं आणि ते सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. डायमॉक्स नावाची गोळी या सावरण्याला वेग देते. मी डॉक्टरांना विचारून १२५ मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ घेत होते. बोटांना मुंग्या यायच्या, सारखं लघवीला जावं लागायचं, पण ते चालतं. (सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.) दादाने गोळी घेतली नव्हती. "मला कशाला?"

आमचं वेळापत्रक घाईचं नव्हतं. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हे आम्ही जवळपास पाळलं होतं. नामचेला दोन रात्री, डिंगबोचेला दोन रात्री. पण दादाचं डोकं डिंगबोचेपासूनच ठणकत होतं. तो गुपचूप वेदनाशामक गोळ्या खात होता आणि जेवण ताटात तसंच ठेवत होता. मी शेजारी बसून ते पाहिलं आणि विचारलं नाही. याची रुखरुख अजून जात नाही.

त्या रात्री आम्ही फेरिचेला उतरलो. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदतकेंद्र तिथे १९७३ पासून आहे. मेंदूला सूज यायला लागली होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोल जाणं आणि असंबद्ध बोलणं ही त्याची खूण. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, गुलाबी फेस पडला तर फुप्फुसांत पाणी होतंय. दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही, उतरायचं. औषधं, ऑक्सिजन हे सगळं उतरता यावं म्हणून. नुसतं डोकं दुखत असेल तर तिथेच थांबायचं आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत वर पाऊल टाकायचं नाही.

"माझ्यामुळे तुमचा ट्रेक बुडाला असता," दादा दुसऱ्या दिवशी म्हणाला. मी त्याच्यावर इतकी चिडले की रडायलाच आलं.

तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी एकमेकांना चार गोष्टी विचारतो: डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. डॉक्टर याला लेक लुईस स्कोअर म्हणतात. डोकेदुखी धरून बेरीज तीन किंवा जास्त झाली की उंची लागली असं समजायचं.

पुढच्या ट्रेकला मनांगमध्ये मी विचारायच्या आधीच दादा म्हणाला, "डोकं दोन, थकवा एक." आम्ही तिथे आणखी एक दिवस राहिलो.