रिंक एकाच्या नावाची, मूर्ती चार: सस्कॅचवानच्या देखाव्यांची पाचवी नोंद

मागच्या नोंदीला सात आठवडे झाले. कर्लिंग संघांच्या छोट्या मूर्तींच्या चार देखाव्यांपैकी पहिला काचेखाली गेला. दुसऱ्यातल्या चारपैकी तीन मूर्ती उभ्या राहिल्या. चौथ्याचा आराखडा दोनदा फाडला आणि तिसऱ्यांदा काढला. खरं तर त्या तिसऱ्या आराखड्याबद्दल सांगायला मी उतावीळ आहे, पण क्रमाने घेते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडंसं. माझं लहानपण पेणचं. घरामागेच गणपतीचा कारखाना होता, त्यामुळे शाळेतून आले की हात शाडूत. आता कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या रिजायनात राहते आणि हिवाळ्यात दर मंगळवारी रात्री कर्लिंग खेळते, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत पलीकडच्या वर्तुळांत नेण्याचा खेळ. यंदाचा चौथा हंगाम. सस्कॅचवानची वस्ती जेमतेम बारा लाख, पण २००१ मध्ये या प्रांताने कर्लिंगला आपला अधिकृत खेळ म्हणून जाहीर केलं. इथल्या सर्वांत मोठ्या संघांचे चार देखावे करायचे असं मी गेल्या दिवाळीत ठरवलं. पोरं किल्ला करत होती, त्यांच्यासाठी मावळे घडवताना हातात तार आणि पुटी होतीच.

प्रमाण १:२४. कर्लिंगचं हाउस, म्हणजे बर्फावरची ती वर्तुळं, ३.६६ मीटर व्यासाचं. माझ्याकडे ते १५ सेंटिमीटरचं होतं. खरा दगड ग्रॅनाइटचा, वीस किलोपर्यंत वजनाचा आणि साधारण २९ सेंटिमीटर रुंद. माझा दगड १२ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. लाकडी दांडी कापून चकत्या करायच्या, कडा घासून गोल करायच्या, राखाडी रंग द्यायचा, त्यावर टूथब्रशने काळ्या-पांढऱ्याचे शिंतोडे उडवायचे आणि तांब्याच्या तारेची मूठ बसवायची. माणसं सव्वासात ते साडेसात सेंटिमीटरची. हॅकपासून हॉग लाइनपर्यंतचा एका टोकाचा बर्फ ४२ सेंटिमीटरच्या पाटावर मावतो. पाय रोवून दगड सोडायची जागा म्हणजे हॅक, आणि हाउससमोरची आडवी रेघ म्हणजे हॉग लाइन.

कर्लिंगमध्ये संघालाही रिंकच म्हणतात, आणि रिंकला नाव स्किपचं, म्हणजे कप्तानाचं. रिचर्डसन रिंक, पेझर रिंक, श्मर्लर रिंक. मी स्वतः लीड खेळते. पहिले दोन दगड टाकायचे आणि मग उरलेला सगळा वेळ दगडापुढचा बर्फ झाडूने घासत पळायचं. लीडनंतर सेकंड, मग थर्ड आणि शेवटी स्किप, असा दगड टाकायचा क्रम. म्हणून देखावे करताना माझा एकच हट्ट आहे: चौघंही दिसले पाहिजेत, आणि तेही काम करताना. चषक उंचावलेले फोटो पुष्कळ आहेत, मला खेळाचा क्षण हवाय.

इथेच गोची होते. कोणताही दगड सुटताना चौघं एका ठिकाणी नसतातच. एक जण टाकतो, दोघं दगडाबरोबर घासत जातात, चौथा पलीकडच्या हाउसमध्ये झाडू धरून निशाण दाखवतो. ४२ सेंटिमीटरच्या पाटावर चौघांना खोटं न करता कसं आणायचं?

रिचर्डसनांच्या देखाव्यात याचं उत्तर सापडलं. एर्नी रिचर्डसन स्किप, अर्नल्ड थर्ड, गार्नेट (ज्याला सगळे सॅम म्हणत) सेकंड आणि वेस लीड. एर्नी आणि सॅम सख्खे भाऊ, बाकीचे दोघं चुलत. रिजायनाच्या या घराण्याने ब्रायर, म्हणजे कॅनडाचं पुरुषांचं अजिंक्यपद, १९५९, १९६०, १९६२ आणि १९६३ असं चारदा जिंकलं. त्याआधी चार ब्रायर जिंकणारा स्किप झालाच नव्हता. १९५९ मध्ये स्कॉटलंडला जाऊन त्यांनी विली यंगच्या संघाला पाच सामन्यांत पाच वेळा हरवलं. तो स्कॉच कप म्हणजेच पुढे जागतिक स्पर्धा मानली गेली. तोही त्यांनी चारदा जिंकला.

मी थर्डचा दुसरा दगड निवडला. यानंतर स्किप टाकायला जाणार आणि थर्ड हाउसमध्ये त्याची जागा घेणार, त्यामुळे थर्ड आपल्या दगडामागोमाग चालत येतो. त्या चार-पाच सेकंदांत चौघंही एकाच टोकाला असतात. एर्नी हाउसमध्ये, सॅम आणि वेस घासताहेत, अर्नल्ड हॉग लाइनवर, अजून नजर दगडावर. सगळं खरं आणि सगळे हजर.

झाडूवर मात्र आठवडा गेला. त्या काळचे झाडू आजच्यासारखे ब्रशचे नव्हते, चक्क काड्यांचे होते, आपल्या केरसुणीच्या जवळचे. बर्फावर त्यांचे फटके बसत, एकामागून एक, तालात. मी दुकानातून स्वयंपाकघरातला काड्यांचा झाडू आणला, त्याच्या काड्या उभ्या चिरल्या आणि दोन सेंटिमीटरच्या जुड्या दोऱ्याने बांधल्या. एका जुडीत तीसेक काड्या. चार जुड्या बांधून झाल्यावर लक्षात आलं की टेबलावर भुसा पडलाय. तेव्हाच्या बर्फावरही तो पडायचा, आणि दगड त्याला अडखळायचा. म्हणून तोच भुसा चिमटीने उचलून दगडाच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना चिकटवला. अख्ख्या देखाव्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ती आहे.

हा देखावा पूर्ण काळ्या-पांढऱ्या छटांत रंगवला. या संघाची आपल्या मनातली ओळख त्या काळच्या छायाचित्रांतूनच आलेली आहे, म्हणून मूर्तीही तशाच. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ छटा आधी वाटीत कालवून ठेवल्या. चेहऱ्यासाठी चौथी आणि पाचवी, स्वेटरसाठी सातवी.

राहिला १९६३चा प्रश्न. त्या वर्षी वेसची पाठ दुखावली होती आणि लीडला मेल पेरी खेळला. त्याला वगळून कसं चालेल? लीडच्या जागी पाटाखाली छोटं लोहचुंबक बसवलं आणि दोन मूर्तींच्या बुटांत खिळ्याची डोकी घातली. वेस उचलायचा, मेल ठेवायचा. चार जागा, पाच माणसं.

बर्फाचा पहिला पाट वाया गेला, तेही सांगते, म्हणजे तुमचं नुकसान टळेल. जानेवारीत बाहेर उणे तीस, बेसमेंट गार. रेझिन ओतलं ते तीन दिवस चिकटच राहिलं आणि आत बुडबुडे. दुसऱ्या वेळी डबा आधी कोमट पाण्यात ठेवला, पाटावर दिवा लावला, थर पातळ दिले. वाळल्यावर टूथब्रशने चकचकीत वॉर्निशचे बारीक शिंतोडे मारले. खऱ्या बर्फावरही पाण्याचे असेच थेंब शिंपडून खडबडीतपणा आणतात, त्याला पेबल म्हणतात. दगड त्या थेंबांच्या टोकांवरून सरकतो, सपाट बर्फावर तो अर्ध्यातच थांबेल. तिरपा उजेड पडला की माझ्या पाटावरही ते दाणे दिसतात.

दुसरा देखावा व्हेरा पेझरच्या संघाचा. माझ्या मते सस्कॅचवानचा हा सर्वांत कमी वाखाणलेला मोठा संघ. १९६९ ते १९७४ अशी सलग सहा वर्षं कॅनडाचं महिला अजिंक्यपद या एका प्रांताकडे राहिलं: आधी जॉइस मकी, मग डोरेंडा शोनहाल्स, मग तीन वर्षं पेझर, मग एमिली फार्नहॅम. पेझरच्या रिंकमध्ये थर्ड शीला रोवन, सेकंड जॉइस मकी, लीड लेनोर मॉरिसन. महिलांची जागतिक स्पर्धा सुरू झाली १९७९ मध्ये, म्हणजे या चौघींना देश जिंकल्यावर पुढे जायला पायरीच नव्हती. नाहीतर आज त्यांचं नाव रिचर्डसनांच्या बरोबरीने घेतलं गेलं असतं असं मला ठामपणे वाटतं.

आता ते सेकंडचं नाव पुन्हा वाचा. जॉइस मकी १९६१ मध्ये ओटावात झालेल्या पहिल्यावहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेची विजेती स्किप. तिची तेव्हाची थर्ड होती सिल्व्हिया फेडोरुक, कर्करोगावरच्या कोबाल्ट उपचारावर काम केलेली भौतिकशास्त्रज्ञ, पुढे या प्रांताची लेफ्टनंट गव्हर्नर. (फेडोरुक आणि पेझर दोघीही नंतर सस्कॅचवान विद्यापीठाच्या कुलपती झाल्या. एका खेळातून एकाच विद्यापीठाला दोन कुलपती!) १९६९ मध्येही मकी स्किप म्हणूनच जिंकली. आणि दोन वर्षांनी, पूर्वी जी तिच्या हाताखाली थर्ड खेळली त्या पेझरच्या रिंकमध्ये, ती सेकंड म्हणून हातात झाडू घेऊन उतरली आणि आणखी तीनदा जिंकली.

ही मूर्ती अजून झालेली नाही. तिघी तयार आहेत, मकीची मान तीनदा मोडून पुन्हा केली. घासणारा माणूस वाकलेला असतो, खांदे झाडूवर, वजन पुढच्या हातावर. तसं केलं की ती कुठल्याही संघातली कुठलीही खेळाडू दिसते. मला तिचे हात झाडूवर हवेत आणि डोळे हाउसवर, कारण दोनदा देश जिंकलेल्या स्किपने घासता घासताही हाउस वाचलंच असणार. मान वर केली तर पाठीचा बाक जातो. शेवटी मान तशीच ठेवून फक्त बुबुळं वर चढवायचं ठरवलंय. पेणला आखणी, म्हणजे डोळे रंगवणं, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मुरलेल्या हाताकडे असायची. साडेसात सेंटिमीटरच्या मूर्तीचं बुबुळ खसखशीच्या दाण्याहून लहान. दोन केसांचा ब्रश केलाय. जुन्या बटणांवर सराव चालू आहे, हात बसला की मग तिच्याकडे वळेन.

तिसरा देखावा १९८०चा, त्यात दोन संघ शेजारी शेजारी. त्या एका वर्षात रिक फोकच्या संघाने मंक्टनला पुरुषांचं आणि मार्ज मिचेलच्या संघाने स्कॉटलंडमधल्या पर्थला महिलांचं जगज्जेतेपद मिळवलं. महिलांचं जागतिक पद कॅनडाला पहिल्यांदाच मिळालं. तीन वर्षांत मिचेल कर्करोगाने गेली. इथे फक्त तारेचे आठ सांगाडे झालेत, पुढच्या नोंदीत लिहीन.

जे बसले नाहीत त्यांची रुखरुख आहे. १९५५ मध्ये ॲव्हनलीच्या कॅम्पबेल भावांनी या प्रांताला पहिलं ब्रायर मिळवून दिलं, तेही रिजायनात, घरच्या लोकांपुढे. १९७३चा ब्रायरविजेता हार्वी मझिंकी, २०११ची महिला विजेती ॲम्बर हॉलंड. कॅम्पबेलांसाठी पाचवा पाट कापून ठेवलाय एवढं सांगते.

आता चौथा. सँड्रा श्मर्लर, जॅन बेटकर, जोन मकस्कर, मार्शा गुडराइट. रिजायनाच्या कॅलिडोनियन क्लबचा संघ. १९९३, १९९४ आणि १९९७ मध्ये कॅनडाचं आणि त्या तिन्ही वर्षी जगाचं अजिंक्यपद. १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कला हरवून सुवर्ण. महिला कर्लिंगला अधिकृत पदकं देणारं ते पहिलं ऑलिंपिक. २ मार्च २००० रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सँड्रा कर्करोगाने गेली. तिचे अंत्यसंस्कार देशभर टीव्हीवरून थेट दाखवले गेले. माझ्या क्लबमधल्या थोरल्या बायका आजही तिचा उल्लेख नुसता 'सँड्रा' असा करतात.

क्षण कोणता, याबद्दल मनात शंका नव्हती. नोव्हेंबर १९९७, ब्रँडन, ऑलिंपिक निवडीचा अंतिम सामना, समोर शॅनन क्लायब्रिंक, सातवा एंड, म्हणजे सातवा डाव. सँड्राचा दगड बाजूच्या एका दगडाला लागून आत वळला, प्रतिस्पर्ध्यांचा दगड उडवला आणि एका फटक्यात तीन गुण. कॅरममध्ये स्ट्रायकर एका सोंगटीला लावून वळवतो आणि दुसरी सोंगटी घेतो तसंच, फक्त बोर्ड पंचेचाळीसेक मीटर लांब आणि स्ट्रायकर वीस किलोचा. बाळंत होऊन तिला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

पण हा तिचा स्वतःचा दगड. हाउसच्या टोकाला जॅन झाडू धरून उभी, जोन आणि मार्शा घासत येताहेत, आणि सँड्रा तिथे नाहीच. पहिल्या आराखड्यात मी तिला हॉग लाइनवर आणलं, ते खोटं होतं. दुसऱ्यात दगड थांबल्यानंतरचा जल्लोष घेतला, चौघी एकत्र; पण मग ती धडक, तो दगड, सगळंच संपून गेलेलं. दोन्ही फाडले.

तिसरा आराखडा असा: जॅन, जोन आणि मार्शा नेहमीच्या पाटावर. दगड त्या बाजूच्या दगडाला लागण्याच्या बेतात. आणि सँड्रा एका वेगळ्या छोट्या पाटावर, हॅकमधून नुकतीच सरकलेली, हात दगड सोडून अजून पुढे पसरलेला, बरोबर प्रमाणातल्या अंतरावर. हॅकपासून पलीकडच्या हाउसच्या मध्यापर्यंत ३८.४ मीटर, चोविसाने भागलं की १ मीटर ६० सेंटिमीटर. मधे काहीच नाही, रिकामी फळी.

बेसमेंटच्या खिडकीखालची भिंत मोजली, दोन मीटर दहा भरते. शनिवारी फळी आणते. तिला बाक येऊ नये म्हणून मधे किती कंस लावावेत हे कुणी केलं असेल तर कळवा. मध्यावर वजन काहीच नसणार, सगळं दोन टोकांना.